पोटमाळा काढायचा नाही

काकांना रविवारी जेवायला बोलावलंय असं आईने फोनवर सांगितलं, तेव्हाच सोंगटीला कळायला हवं होतं की घरात काहीतरी शिजतंय. एकोणतीस वर्षांत काकांचं पान या घरात मोजून चार वेळा मांडलं गेलं होतं. दोन लग्नं, बाबांचं आजारपण आणि बाबांचा तेरावा. त्यातल्या एकाही वेळी आईने स्वतः फोन केलेला नव्हता. वर ती म्हणाली, "तुझं ते डोळ्यांवर बांधायचं यंत्रही घेऊन ये." आईने त्या यंत्राची चौकशी करावी, हेही पहिल्यांदाच घडत होतं.

सोंगटी हे बाबांनी पाडलेलं नाव. लहानपणी ती कुठल्याही पटावरून उठायची नाही. सगळे जेवून झोपले तरी ही एकटीच चौघांच्या वाटचं खेळत बसलेली असायची. आता ती सेहेचाळीस वर्षांची होती, विद्यापीठात सहयोगी प्राध्यापक होती आणि विद्यार्थी तिला मॅडम म्हणत. घरी मात्र ती सोंगटीच. इंजिनिअर होऊन घरच्या कारखान्यात यायचं ठरलेलं असताना तिसऱ्या वर्षी तिने ते सोडलं आणि खेळ रचण्याचं शिक्षण घ्यायला गेली, ही गोष्ट घराने कधी पुरती माफ केली नव्हती. बाबा पाहुण्यांना तिची ओळख करून देताना "ही कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगत आणि पटकन विषय बदलत.

विद्यापीठातही फार निराळं नव्हतं. पहिली पाच वर्षं तिला धड खोली नव्हती. जिन्याखाली जुनी बाकं ठेवायची एक जागा होती, ती स्वतः झाडूनपुसून तिने तिथे पहिली लॅब मांडली. भौतिकशास्त्राचे लोक जाता-येता दारातून डोकावत आणि आज काय खेळलात म्हणून विचारत. तीही मग त्यांनाच हेडसेट चढवून खुर्चीत बसवी आणि कड्याच्या टोकावर नेऊन उभं करी. दोघेजण घाबरून खुर्चीवरून पडले, तेव्हा ते डोकावणं बंद झालं. हळूहळू तिची लॅब नावारूपाला आली. माणसाला एखाद्या जागी उभं केलं की तिथून त्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हा तिच्या अभ्यासाचा विषय. क्रेनचालकांना, आग विझवणाऱ्यांना, शस्त्रक्रियेच्या टेबलाशी उभ्या राहणाऱ्या नर्सना ती आभासी जागेत बसवून शिकवू लागली.

क्रेनचालकांसाठी खरा कारखाना उभा करायचा, तर आपलाच का नको, असं तिला दोन वर्षांपूर्वी वाटलं. तिने दादाकडे जुने नकाशे मागितले. दादा कामात होता. त्याने कपाटातली अख्खी गुंडाळी न उघडताच तिच्या हातात दिली. त्या गुंडाळीत सगळ्यात आत एक नकाशा निघाला, ज्यावर शेडच्या मधोमध सामान ठेवायचा एक पोटमाळा काढलेला होता. खाली तारीख होती अपघाताच्या तीन आठवडे आधीची.

अपघात सगळ्या घराला पाठ होता. काका तेव्हा शेडमधली क्रेन चालवत, वरच्या गर्डरला टांगलेल्या केबिनमध्ये बसून. त्यांनी उचललेल्या पत्र्यांच्या गठ्ठ्याखाली एक तरुण फिटर सापडला आणि जागच्या जागी गेला. चौकशी झाली, तिच्यापुढे आलेल्या शेडच्या नकाशात पोटमाळा नव्हता. चालकाचा निष्काळजीपणा, असा निकाल लागला. काकांची क्रेन सुटली, कारखाना सुटला आणि पाठोपाठ घरही. पुढची सगळी वर्षं ते मालधक्क्यावरच्या वजनकाट्याच्या टपरीत बसून ट्रकचे आकडे लिहीत राहिले. माणूस समोर दिसत असताना यांचं लक्ष कुठे होतं, हे वाक्य सोंगटीने तेव्हापासून इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं होतं, की तीही ते खरंच धरून चालली होती.

पोटमाळ्यासकट आभासी शेड उभी केल्यावर ती एका दुपारी त्या केबिनमध्ये जाऊन बसली. खाली पाहिलं. फिटर जिथे उभा होता ती जागा पोटमाळ्याने पूर्ण झाकली होती. ती पुढे वाकली, डावीकडे झुकली, उठून उभी राहिली. काही केल्या दिसेना. मग तिने काकांना लॅबमध्ये बोलावलं, बसल्या जागी त्यांच्या डोळ्यांची उंची मोजली आणि त्यांना आत बसवलं. दोन मिनिटांनी त्यांनी हेडसेट काढून मांडीवर ठेवला. "खालीवरचा लिव्हर डाव्या हाताला होता," ते म्हणाले. एवढंच. घरी त्यांनी हे कुणालाच सांगितलं नाही.

त्यावर तिने जो अभ्यास केला, त्यात साठ अनुभवी क्रेनचालक त्या केबिनमध्ये बसले. एकालाही फिटर दिसला नाही. प्राध्यापकपदासाठी तिने दिलेल्या कामात हाच अभ्यास मुख्य होता आणि मुलाखत मंगळवारी होती. अडलं ते एका कागदावर. कारखाना ओळखू येतो, तेव्हा नकाशांच्या मालकाची लेखी संमती आणा, असं विद्यापीठाच्या नैतिकता समितीने कळवलं. बाबांच्या मागे सगळं आईच्या नावावर होतं. सोंगटीने मसुदा दादाकडे पाठवला आणि आठ दिवस घरातून कुणी तिच्याशी बोललं नाही. तिच्या विभागप्रमुख बाईंनी सरळ सल्ला दिला, की तो अभ्यास सध्या बाजूला ठेव, बाकीचे लेख पुरेसे आहेत, पद एकच आहे आणि ते हातचं घालवू नकोस.

तर असा तो रविवार.

 काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि टेबलाच्या दाराकडच्या टोकाला, खुर्चीच्या कडेवर बसले होते. वहिनी, म्हणजे दादाची बायको, वाढताना प्रत्येकाला दोनदा विचारत होती, कारण दुसरं कुणीच काही बोलत नव्हतं. खिडकीतून खालची शेड दिसत होती. रविवार असल्यामुळे यंत्रं बंद होती आणि त्या शांततेत चमच्यांचा आवाज नको इतका येत होता.

ताटं उचलली गेल्यावर दादाने दोन कागद टेबलावर ठेवले. दादा वाईट माणूस नव्हता. कारखान्यात दीडशे माणसं होती, पुढच्या महिन्यात बाहेरचे सुरक्षा तपासनीस येणार होते आणि बाबांच्या खुर्चीत बसल्यापासून त्याला बाबांसारखंच पाठीचं दुखणं लागलं होतं. त्याने शांतपणे समजावून सांगितलं. एक कागद आईच्या संमतीचा. दुसरा काकांचा, माझी कसलीही तक्रार नाही असा. दोन्ही सह्या आत्ता होतील. बदल्यात सोंगटीने एकच करायचं.

"पोटमाळा काढ," दादा म्हणाला. "बाकी सगळं राहू दे. शेड राहू दे, क्रेन राहू दे, कारखान्याचं नावसुद्धा टाक. तुझ्या त्या प्रोग्राममध्ये एवढी एकच वस्तू पुसायची आहे. मंगळवारी तू प्राध्यापक होशील आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवायला येऊ."

सोंगटीला हसू आलं. कारण दादा म्हणत होता ते तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर होतं. पोटमाळा ही वेगळी वस्तू होती. एक बटण दाबलं की जायची.

"पोटमाळा काढला तर काय होईल माहितीये का तुला?" तिने विचारलं. "केबिनमधून फिटर स्वच्छ दिसेल. म्हणजे काका पुन्हा दोषी. पहिल्यांदा चौकशी अधिकाऱ्याच्या सहीने झाले, आता माझ्या सहीने."

दादा म्हणाला, की तसं कुणी म्हणणार नाही. काकांचं नाव कुठेच येणार नाही. शिवाय काका समोर बसलेत, त्यांनाच विचार.

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी चष्मा लावून कागद शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि दादाच्या पुढ्यात सरकवला.

"तक्रार मी कधी केलीच नव्हती रे," ते म्हणाले. "मग आता नाही म्हणून लिहून कशाला देऊ?"

दादाचा चेहरा उतरला. हे त्याने धरलं नव्हतं. काका सही करणार, हे तो गृहीतच धरून चालला होता. काकांनी आयुष्यभर दुसरं केलं काय होतं? त्याचा आवाज मग जरा चढला. तो म्हणाला, की एका खेळाच्या पायी तू बाबांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करते आहेस. जुना नकाशा चौकशीला दिला असेल चुकून. पोटमाळा नंतर पाडला असेल दुरुस्तीसाठी. काढलाच पाहिजे का अर्थ त्यातून?

"खेळाच्याच पायी," सोंगटी म्हणाली. "पहिल्या वर्षाच्या पोरांना मी पहिल्या तासाला काय शिकवते, ते ऐक. खेळाडूला जे दिसूच शकत नव्हतं त्याच्यामुळे तो मेला, तर चूक खेळाडूची नसते. खेळ रचणाऱ्याची असते. एवढं साधं आहे ते. इथे ते कुणाला एकोणतीस वर्षांत सुचलं नाही, कारण त्या खुर्चीत जाऊन बसायची कुणाची तयारी नव्हती."

"मी बसते," आई म्हणाली.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. कारखान्याचं ऑफिस तिने पस्तीस वर्षं सांभाळलं होतं आणि अजूनही दादाच्या पत्रातल्या चुका ती लाल पेनने काढत असे. तिने स्वतःच खुर्ची भिंतीपासून पुढे ओढली. सोंगटीने हेडसेट चढवला, पट्टा सैल केला, आईचे हात धरून लिव्हर कुठे आहेत ते दाखवलं. काकांच्या डोळ्यांची उंची आधीच भरलेली होती. समोरच्या लॅपटॉपवर आईला दिसत होतं तेच सगळ्यांना दिसत होतं. गर्डर, साखळ्या, खालची फरशी आणि मधोमध तो पोटमाळा.

"फिटर कुठे आहे?" आईने विचारलं.

"पोटमाळ्याच्या मागे."

आईने मान पुढे काढली. मग डावीकडे. ती अर्धवट उठली, तशी वहिनीने धावत जाऊन तिच्या कमरेला हात दिला. आई बराच वेळ शोधत राहिली.  काका स्क्रीनकडे बघतच नव्हते. त्यांची नजर आईच्या चपलांवर होती.

"आता दादा म्हणतोय तसं कर," आई म्हणाली. "काढ तो."

सोंगटीने बटण दाबलं. पोटमाळा गेला. खाली फरशीवर एक माणूस पाठमोरा उभा होता. त्याला चेहरा नव्हता. सोंगटीने तो मुद्दामच केलेला नव्हता.

आईचा हात वहिनीच्या दंडावर घट्ट आवळला गेला. "शर्ट निळा होता त्याचा," ती म्हणाली आणि हेडसेट स्वतःच्या हाताने काढून टेबलावर ठेवला.

मग तिने सांगितलं. सांगताना ती कुणाकडेच बघत नव्हती, पण आवाज पत्राचा मजकूर वाचून दाखवावा तसा सरळ होता. नकाशा चुकून गेला नव्हता. बाबांनी जुना नकाशा काढून दिला आणि सोबतचं पत्र तिने टाइप केलं. पोटमाळा आठवड्याच्या आत पाडला गेला. तेव्हा दादा एकोणीस वर्षांचा होता, सोंगटी सतरा, दुसरी नवी शेड पुरती उभी राहिलेली नव्हती. कुणावर तरी यायचंच होतं. भाऊजी एकटे होते, त्यांना बायकोपोरं नव्हती, ते निभावून नेतील असं बाबा म्हणाले.

"आणि मलाही तसंच वाटलं," आई म्हणाली. "भाऊजी, तुमच्या तोंडावर सांगते आहे."

काकांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच, ते कळलं नाही.

दादा उभा राहिला होता, तो पुन्हा बसला. त्याला हे माहीत नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावरून ते स्पष्ट दिसत होतं आणि सोंगटीला त्या क्षणी त्याची दया आली. तिला वाटलं, झालं. आई आता पेन मागेल. तिने संमतीचा कागद हळूच आईपुढे सरकवला.

आईने तो परत केला.

"दिसलं मला. तुझं खरं आहे," ती म्हणाली. "पण सही मी करणार नाही. तुझे बाबा उत्तर द्यायला आज नाहीत. ज्या माणसाला बोलता येत नाही, त्याच्याविरुद्ध माझी सही पडायची नाही."

"काकांना बोलता येत होतं, आई. एकोणतीस वर्षं येत होतं. त्यांना कुणी विचारलं?"

"नाही विचारलं. त्याचं पाप माझं. पण सही नाही."

यापुढे आईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.  मग विषय संपला, असं दादा म्हणाला, पण त्यात पहिल्यासारखा जोर नव्हता. संमती नाही म्हणजे अभ्यास मागे घ्यायचा. बाकीच्या लेखांवर पद मिळेल. झालं गेलं इथेच राहू दे.

 सोंगटीच्या डोळ्यांसमोरून वीस वर्षं गेली. जिन्याखालची ती खोली, दुसऱ्यांना मिळालेली पदं, तिच्यानंतर लागलेल्या पोरांनी वरिष्ठ होऊन तिच्या कागदांवर केलेल्या सह्या. मंगळवार परवावर आला होता. तिने फोन काढला, टेबलावर सगळ्यांसमोर ठेवला आणि विभागप्रमुखांना लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. प्राध्यापकपदाचा अर्ज मी मागे घेत आहे. अभ्यास मागे घेत नाही. संमती मिळालेली नसल्यामुळे नकाशे मालकाला परत केले आहेत. तीच जागा प्रत्यक्षदर्शींच्या सांगण्यावरून नव्याने उभी करीन आणि तेव्हा पुन्हा अर्ज करीन.

"वेडी आहेस का?" दादा म्हणाला. "पद पुन्हा कधी निघेल? चार वर्षांनी? सहा?"

"मी तेव्हा बावन्न वर्षांची असेन. काका अठ्ठावीस वर्षांचे असताना घरातून गेले."

तिने बटण दाबलं. पत्र गेलं. मग पिशवीतून नकाशांची गुंडाळी काढून तिने आईच्या पुढ्यात ठेवली.

"तुझे नकाशे. मोजून घे. आता मला त्यांची गरज नाही. त्या पाळीला शेडमध्ये माणसं होती, ती काही सगळी मेलेली नाहीत. त्यांच्या तोंडून तो पोटमाळा मी वीत वीत मोजून परत बांधीन. तो बांधायला मला कुणाची सही लागत नाही."

दादा म्हणाला, की कोण जुने कामगार, कुठे शोधणार तू त्यांना, कारखाना कुणाचाही पत्ता देणार नाही. त्यावर वहिनी स्वयंपाकघरात गेली. ती रागाने गेली असं सगळ्यांना वाटलं. लग्न होऊन आल्यापासून गेली तेवीस वर्षं ती निवृत्त कामगारांना वर्षातून एकदा फोन करत असे, कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाला नातवंडं झाली, ते लिहून ठेवत असे, आणि घरात त्याकडे कुणी कधी लक्ष दिलं नव्हतं. ती परत आली तेव्हा तिच्या हातात तेलाचे डाग पडलेली एक जाडजूड वही होती.

"त्या पाळीतले नऊ जण आहेत अजून," ती सोंगटीला म्हणाली. "तिघांना ऐकू कमी येतं, त्यांच्याशी मी बोलते."

"तू कशाला यात पडतेस?" दादाने विचारलं.

"वही माझी आहे," वहिनी म्हणाली. "कारखान्याची नाही."

 तेवीस वर्षांत ती त्याला असं पहिल्यांदाच बोलली होती, आणि तिला त्याचं काही वाटलेलंही दिसत नव्हतं. ती खुर्ची ओढून सोंगटीशेजारी बसली आणि पानं उलटू लागली. काका उठून त्यांच्या मागे येऊन उभे राहिले. सुरुवात कुणापासून करायची, असं सोंगटीने विचारलं. काका वाकून वहीत बघत होते. वेल्डर, रंगारी, दोन हेल्पर, आणि खालून क्रेनचालकाला हाताने खुणा करणारा इशारेवाला, ज्याला त्या दिवशी बाबांनी ट्रक खाली करायला पाठवलं होतं. काकांनी त्यातल्या कुठल्याच नावावर बोट ठेवलं नाही.

"फिटरच्या बायकोचा पत्ता आहे?" त्यांनी विचारलं.

वहिनीने पान काढून दिलं.

त्या मंगळवारची मुलाखत दुसऱ्या कुणीतरी दिली आणि पद त्याला मिळालं. सोंगटीने त्याचं अभिनंदन केलं आणि लॅबमधली सगळी टेबलं भिंतीला लावून फरशी मोकळी केली. पुढचे सात महिने शनिवारी-शनिवारी म्हातारी माणसं तिथे येत, चिकटपट्टीने फरशीवर शेड आखत आणि एकमेकांशी कडाकडा भांडत. खांब इथे होता, नव्हता. पोटमाळ्याचा जिना या बाजूने होता, छे, त्या बाजूने. सोंगटी प्रत्येकाचं वेगळं वेगळं टिपून घेई, कुणाचं कुणाला सांगत नसे. आठ जणांनी पोटमाळ्याची कड जिथे दाखवली, त्या जागांमधलं जास्तीत जास्त अंतर हातभरही नव्हतं. नववा इशारेवाला. तो फरशीवर बसून रडला आणि त्याने काहीच दाखवलं नाही. आई कधी आली नाही. दादा एकदा येऊन दारात उभा राहिला आणि पाच मिनिटांनी निघून गेला.

फिटरच्या बायकोने आधी तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा काका एकटे गेले, तेव्हा ती हो म्हणाली. शेड उभी झाल्यावर ती एका सकाळी मुलीला बरोबर घेऊन लॅबमध्ये आली. साठीची, ताठ, कुणाच्या मदतीशिवाय खुर्चीत बसली. आत तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मग बराच वेळ त्या पोटमाळ्याकडे. बटण दाबून तो काढून दाखवू का, असं सोंगटीने विचारलं, तेव्हा तिने मानेनेच नको म्हटलं.

हेडसेट काढून ती काकांकडे वळली. त्या दिवसाबद्दल तिने त्यांना आजवर काहीच विचारलं नव्हतं.

"तुम्ही हाक मारली होती का त्यांना?" तिने विचारलं.

"तिथे कुणी आहे हे मला माहीतच नव्हतं," काका म्हणाले. "असतं, तर मारली असती."

ती खुर्चीवरून उठली. मग तिने मुलीला सांगितलं, "तू पण बस एकदा. यांच्या जागेवर बसून बघ."